व्हायरसमुळं पोटाचा कॅन्सर? आधी बाबांचं ताट आत घ्या

या महिन्यात पोटावरची पत्रं जास्त आलीत, म्हणून यावेळी गुडघे आणि थायरॉईडवाल्यांनी जरा थांबा. मी डॉक्टर असले तरी पेशंट तपासणारी नाही, आयुष्यभर मिरजेत मायक्रोस्कोपखाली तुकडे बघत बसलेली पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळं गोळ्यांची नावं माझ्याकडनं मागू नका, पण रिपोर्टमधली ओळ वाचून दाखवायचं काम माझंच.

प्रश्न: मॅडम नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. माझ्या वडिलांना (वय ५६) जठराचा कॅन्सर निघालाय. दुर्बिणीनं तुकडा काढून तपासला, त्या रिपोर्टमध्ये सगळ्यात शेवटी 'ईबीईआर पॉझिटिव्ह' असं लिहिलंय आणि पुढं एपस्टीन-बार व्हायरस असं नाव. मी मोबाईलवर शोधलं तर हा व्हायरस थुंकीतून पसरतो असं आलं आणि मी ते घरात बोलून गेले, तिथंच चुकलं. काकूनं बाबांचं ताट-तांब्या वेगळा केला, भावाच्या दोन वर्षांच्या पोरीला त्यांच्या मांडीवर बसू देत नाहीत. बाबा काही बोलत नाहीत, पण परवा जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतःच घासून कोपऱ्यात उभं केलं. व्हायरसनं खरंच कॅन्सर होतो का? आणि आम्हाला होईल का?

उत्तर: बाळ, आधी ते ताट आत घ्या. आज रात्रीच्या जेवणाला. बाकीचं उत्तर नंतर वाचलंस तरी चालेल.

हा व्हायरस तुझ्या बाबांनी घरात आणलेला नाही. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात तो असतो, म्हणजे माझ्यात आहे, तुझ्यात बहुतेक आहेच आणि ताट वेगळं करणाऱ्या काकूतही असणार. आपल्याकडं तर तो फार लहानपणीच लागतो, आजीनं चावून मऊ करून भरवलेला घास, एका तांब्यातनं पाणी, चुलत भावाच्या तोंडातनं काढून घेतलेली लिमलेटची गोळी, असंच सगळं. लहान वयात लागला तर साधा ताप-सर्दी होऊन जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. वयात आल्यावर पहिल्यांदा लागला तर मात्र पुष्कळदा घसा धरतो, मानेला गाठी येतात आणि पोरगं तीन-तीन आठवडे गळून पडतं. त्यानंतर हा व्हायरस रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींमध्ये जाऊन झोपतो तो जन्मभर, मधनंच कधीतरी लाळेत उतरतो आणि परत गप्प. त्या पोरीला तो आजोबांकडनं नाही लागला तर अंगणवाडीतनं लागेल, नाहीतर लागून गेलाही असेल. आणि कॅन्सर म्हणाल तर तो एका माणसाकडनं दुसऱ्याला ना ताटातनं लागतो ना मांडीवर बसून.

आता तुझा पहिला प्रश्न, व्हायरसनं कॅन्सर होतो का. होतो, पण सगळ्यांना नाही, आणि जठराच्या कॅन्सरमध्ये तर थोड्यांनाच. जगभरातले जठराचे १०० कॅन्सर घेतले तर त्यातल्या ९-१० मध्ये हा व्हायरस सापडतो. बाकीच्या नव्वदांशी त्याचा संबंध नाही.

या व्हायरसचा शोध कसा लागला ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही, आमच्या धंद्यातली आवडती गोष्ट आहे ती. युगांडात बर्किट नावाचा सर्जन होता, त्याला लहान पोरांच्या जबड्यात भराभर वाढणाऱ्या गाठी दिसायच्या, १९५८ साली त्यानं त्यावर लिहिलं. लंडनच्या अँथनी एपस्टीननं त्याचं भाषण ऐकलं आणि याच्यामागं व्हायरस असणार हे डोक्यात घेतलं, मग युगांडातनं विमानानं गाठींचे तुकडे मागवायचा सपाटा लावला. दोन-अडीच वर्षं हाताला काही लागलं नाही. १९६३ च्या डिसेंबरात लंडनला धुकं पडलं म्हणून विमान मँचेस्टरला उतरवलं, नमुना पोचायला उशीर झाला आणि बघतात तर बाटलीतलं पाणी गढूळ. दुसरा कुणी असता तर सडलं म्हणून ओतून दिलं असतं. एपस्टीननं एक थेंब मायक्रोस्कोपखाली घातला तर गाठीतल्या पेशी सुट्या होऊन पाण्यात तरंगत होत्या, जिवंत! त्या पेशी वाढवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितल्या आणि व्हायरस दिसला. १९६४ साली एपस्टीन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग या तिघांनी ते छापलं. माणसाला कॅन्सर करणारा सापडलेला हा पहिला व्हायरस. (अचाँगचं नाव व्हायरसला लागलं नाही, मला त्याचं उगाचच वाईट वाटतं.) जठराशी त्याचं नातं कळायला मात्र १९९० उजाडलं.

तू म्हणशील, सगळ्यांच्या अंगात आहे तर मग कॅन्सरच्या गाठीतही सहज सापडणारच की, त्यानंच केलं कशावरनं? चांगली शंका आहे. तुमची बाग आहे म्हणून तुला सांगायला सोपं. एकाच वेलीच्या काड्यांनी सगळी बाग उठवली असली तर प्रत्येक वेलीत त्या मूळ वेलीचीच खूण असते ना? तसं अशा गाठीत जवळजवळ प्रत्येक कॅन्सरच्या पेशीत व्हायरस असतो आणि सगळ्यांत त्याच एका जातकुळीचा असतो. म्हणजे तो आधी एका पेशीत शिरला, मग ती पेशी बिघडून वाढत गेली. गाठ झाल्यावर बाहेरनं येऊन बसला असता तर कुठं आहे कुठं नाही असं दिसलं असतं. 'ईबीईआर' म्हणजे व्हायरसच्या छोट्या आरएनएला रंग लावून बघायची टेस्ट. पॉझिटिव्ह असली की कॅन्सरच्या पेशींची केंद्रकं गडद रंगानं भरून येतात आणि शेजारच्या निरोगी पेशी कोऱ्या राहतात, इतकं स्वच्छ चित्र आमच्या कामात क्वचित बघायला मिळतं.

पेशीत शिरल्यावर तो करतो काय, तर आपल्या पेशीत वाढीला लगाम घालणारी काही जनुकं असतात त्यांना कुलपं पडतात. जनुक तुटत नाही, नुसतं बंद पडतं. जठराच्या कॅन्सरचे जनुकांवरनं चार प्रकार पाडले गेले २०१४ साली, अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, त्यात हा व्हायरसवाला प्रकार वेगळा उठून दिसला आणि कुलपं सगळ्यात जास्त याच्यातच होती. हा प्रकार बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आणि जठराच्या वरच्या-मधल्या भागात जास्त असतो. आणि लिहायचं राहू नये म्हणून आत्ताच लिहिते, बाकीच्या प्रकारांपेक्षा याचा निकाल साधारणपणे बरा असतो, जठराजवळच्या लसिका ग्रंथींमध्ये पसरायचं प्रमाण कमी असतं. साधारणपणे म्हणतेय हं, तुझ्या बाबांचं नक्की काय ते स्टेजवर ठरणार.

म्हणून ती शेवटची ओळ घाबरायची नाही, डॉक्टरांना दाखवायची आहे. खरं तर ही आमची लॅबवाल्यांची चूक, शेवटी एक ओळ टाकून मोकळं होतो, माणूस घरी जाऊन मोबाईल उघडतो आणि ताट वेगळं होतं. या प्रकारच्या गाठीभोवती शरीराच्या लढाऊ पेशींची गर्दी असते, पण गाठ त्यांना 'पीडी-एल१' नावाचा खोटा पास दाखवून गप्प बसवते. इम्युनोथेरपीचं औषध तो पास चालूच देत नाही. कोरियातल्या डॉक्टरांनी २०१८ साली छापलेल्या अभ्यासात पसरलेला जठराचा कॅन्सर असलेल्या ६१ जणांना असं औषध दिलं, त्यात व्हायरसवाले ६ होते आणि सहाच्या सहा जणांच्या गाठी आकसल्या. ऐकून कुणालाही वाटेल की झालं काम, पण सहा म्हणजे सहाच माणसं, नंतरच्या अभ्यासांत इतकं झकास चित्र राहिलं नाही. शिवाय औषध महाग आहे आणि सगळ्यांना लागतंच असं नाही. गाठ जठरापुरती असेल तर आजही मुख्य उपाय ऑपरेशन आणि त्याच्या मागं-पुढं केमो. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना एवढं विचार: स्टेज काय, हर-टू, एमएमआर आणि पीडी-एल१ या तुकड्यावरच्या टेस्ट झाल्यात का, आणि ईबीईआर पॉझिटिव्ह आहे त्याचा औषध ठरवताना काही फरक पडतो का. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

राहिलं तुम्हा भावंडांचं. व्हायरसची टेस्ट करायची गरज नाही, या व्हायरसवर लसही नाही आणि त्याला अंगातनं काढायचं औषधही नाही. पण तुमच्या पोटात दुसरं एक काही असू शकतं ज्याची टेस्ट तुम्ही नक्की करून घ्या, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: एके ठिकाणी वाचलं की पोटाचा कॅन्सर जंतूमुळं होतो, दुसरीकडं वाचलं व्हायरसमुळं. दोन्ही एकच का? मला चार वर्षं अ‍ॅसिडिटी आहे, रोज सकाळी गोळी घेतो. वय ४७. (पलूस)

उत्तर: एकच नाहीत. जठराच्या कॅन्सरमागचा मोठा गुन्हेगार व्हायरस नाहीच, तो हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा बॅक्टेरिया आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९४ सालीच त्याला कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात बसवलंय. जठरात एवढं अ‍ॅसिड असताना कुठला जीव जगणार असं सगळे डॉक्टर धरून चालले होते. ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल यांनी जगतो म्हणून सांगितलं तर कुणी ऐकेना, शेवटी मार्शलनं १९८४ साली त्या जंतूंचा घोल स्वतःच पिऊन टाकला, चार-सहा दिवसांत मळमळ-उलट्या आणि जठराला सूज. (घरी करू नका.) २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या जठरात हा जंतू असतो, आणि त्या मानानं जठराचा कॅन्सर आपल्याकडं कमी आहे, मिझोराम सोडलं तर. त्यामुळं जंतू आहे म्हणजे कॅन्सर होणार असं अजिबात नाही, ज्यांच्यात तो आहे त्यातल्या शंभरातल्या एक ते तीन जणांनाच पुढं कॅन्सर होतो. पण व्हायरस आणि याच्यात मोठा फरक असा की हा औषधानं जातो! आणि गेल्याचा फायदा होतो. कोरियात जठराचा कॅन्सर झालेल्यांची सख्खी भावंडं आणि मुलं घेतली, सगळ्यांच्या पोटात हा जंतू, निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली. नऊएक वर्षांनी बघितलं तर औषधवाल्या ८३२ पैकी १० जणांना कॅन्सर झाला होता, दिखाऊ गोळीवाल्या ८४४ पैकी २३ जणांना. तासगावच्या मुली, म्हणून तुला सांगत होते.

टेस्ट सोपी आहे, एक द्रव पिऊन पिशवीत फुंकायचं, नाहीतर संडासचा नमुना द्यायचा, एंडोस्कोपी होणारच असेल तर तिथंच तुकड्यावर बघतात. रक्तातली अँटीबॉडी टेस्ट करू नका, जुनं-नवं काही कळत नाही तिच्यात. आणि इथंच पलूसकर, तुमची रोजची गोळी आडवी येते. अ‍ॅसिड कमी करायची गोळी चालू असली की जंतू असून टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ती दोन आठवडे आधी बंद करावी लागते आणि अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे थांबावं लागतं, डॉक्टरांना विचारून. पॉझिटिव्ह आली तर दोन आठवडे तीन-चार औषधांचा कोर्स. तोंड कडू होतं, कोर्समध्ये बिस्मथ नावाचं औषध असेल तर संडास काळी होते, माणसं घाबरून सहाव्या दिवशी सोडून देतात, मग जंतू त्या औषधाला निर्ढावतो. पूर्ण करा आणि चार आठवड्यांनी परत टेस्ट करून गेलाय का बघा.

आणि चार वर्षं गोळी? मेडिकलमधनं स्वतःच आणून? एकदा दुर्बीण घालून घ्या की. ही गोळी अल्सरच काय, सुरुवातीच्या कॅन्सरची जळजळसुद्धा दाबून ठेवू शकते. माझ्या टेबलावर आलेल्या किती तुकड्यांच्या कागदावर 'तीन वर्षांपासून अ‍ॅसिडिटी' लिहिलेलं असायचं, सांगायला बसले तर अंक संपेल.

प्रश्न: ऑफरमध्ये फुल बॉडी चेकअप केलं, त्यात ईबीव्ही आयजीजी पॉझिटिव्ह आलं. वय ३८, त्रास काही नाही. रात्रभर झोप नाही. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर: झोपा. ईबीव्ही म्हणजे वरचाच एपस्टीन-बार व्हायरस आणि आयजीजी म्हणजे त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी. याचा अर्थ एवढाच की तुम्हाला कधीतरी हा व्हायरस भेटून गेलाय, वरच्या उत्तरातल्या ९० टक्क्यांत तुम्ही आलात. ही टेस्ट करून जठराच्या कॅन्सरबद्दल काहीही कळत नाही, पॅकेजमध्ये का घालतात ते पॅकेजवाल्यांनाच विचारा.

प्रश्न: आई ६२ वर्षांची, तीस वर्षं मशेरी लावते. तिच्या बहिणीला जठराचा कॅन्सर झाला. आई म्हणते मी रोज सांगलीची हळद दुधातनं घेते, मला काही होत नाही. मशेरीनं जठराचा कॅन्सर होतो का, आणि हळदीनं थांबतो का? (कोरेगाव)

उत्तर: तुमच्या आईसारख्या माझ्या दोन मावश्या होत्या, त्यामुळं हा वाद मला घरचाच. सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि तिचा मलाही अभिमान आहे, पण ती मशेरीचा हिशोब फेडत नाही. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर हळदीतल्या कर्क्युमिनचे बरेच परिणाम दिसतात, पण तोंडानं घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं. दुधात घ्या, भाजीत घ्या, चांगलीच आहे. कॅन्सरवरचं औषध म्हणून कॅप्सूल विकत आणू नका, आणि कुणाची केमो चालू असेल तर असल्या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता अजिबात नाही.

बिडी-सिगारेटनं जठराचा कॅन्सर वाढतो हे पक्कं आहे. तोंडात धरायच्या तंबाखूचा पक्का पुरावा तोंडाच्या, अन्ननलिकेच्या आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा आहे, म्हणजे मशेरी सोडायला जठराची वाट बघायची गरजच नाही. सोडा म्हणून सोडत नाहीत हेही मला माहितीये. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं सगळ्या बायका म्हणतात, आणि ते खोटं नसतं, निकोटीननं आतडं हलतं. म्हणून आधी सकाळच्या पोटाची सोय करून द्या, कोमट पाणी, इसबगोल, आणि मग दुपारची मशेरी तोडा, सकाळची सगळ्यात शेवटी. माझ्या एका मावशीची अशी सुटली, दुसरीची नाही सुटली. सख्ख्या बहिणीला झालाय म्हणून आईची पायलोरीची टेस्ट मात्र कराच.

प्रश्न: मी ६४ वर्षांचा, शेतकरी. डॉक्टरबाई, मला लहानपणापासनं भाकरीबरोबर खर्डा लागतो. खर्ड्यानं पोटाचा कॅन्सर होतो असं पोरगा म्हणतो. मी म्हणतो आमच्या बापानं ९० वर्षं खर्डा खाल्ला. सध्या जेवण जात नाही, अर्ध्या भाकरीत पोट भरतं, दोन महिन्यांत पँट ढिली झाली, पण खर्डा असला की तेवढी तरी जाते. खर्डा बंद करू का? (आटपाडी)

उत्तर: दादा, मिरचीचं सोडा, मिठाचा हात तेवढा आवरा. जास्त खारवलेलं, खूप मीठ मुरवलेलं सारखं पोटात जाणं हे जठराला वाईट हे खरं आहे. पण तुमच्या पत्रात खर्डा पाच वेळा आलाय आणि पँट एकदा, आणि मला त्या पँटचंच पडलंय. या वयात अर्ध्या भाकरीत पोट भरणं आणि दोन महिन्यांत वजन उतरणं हे अंगावर काढायचं काम नाही. ते कॅन्सरच असेल असं मी म्हणत नाही, अल्सर असेल, साखर असेल, आणखी काही असेल, पण बघितल्याशिवाय कळायचं नाही. संडास डांबरासारखी काळी होते का ते बघा, आणि तशी असेल तर त्याच दिवशी निघा. नसेल तरी याच आठवड्यात पोराला घेऊन मिरजेला या. रात्री आठनंतर काही खायचं नाही, सकाळी उपाशी पोटी यायचं, हिमोग्लोबिन, साखर आणि एंडोस्कोपी एकाच फेरीत होईल. दुर्बिणीला पाच-दहा मिनिटं लागतात, घशाला बधिर करायचा फवारा मारतात तो तुमच्या खर्ड्यापुढं काहीच नाही.